पासंग

सकाळी साडेनऊला मोंढ्यात लिलाव सुरू होतो.
त्याआधी मी काट्याचा पत्रा झाडतो:
सोयाबीनचा भुसा, तुरीची टरफलं, कुणाची तरी विझलेली विडी.
मग शून्याचं बटण दाबायच्या आधी बघतो.
चाळीस ग्रॅम.
रात्रभर कुणी काही ठेवलेलं नसतं.
तरी रोज चाळीस. कधी साठ.

जालन्यात तोलार म्हणून माझं हे एकोणतिसावं वर्ष.
बाप याच आवारात तोलायचा, लोखंडी तराजूनं.
आधी रिकामाच उचलून धरायचा,
दोन्ही पारडी डोळ्यांच्या रेषेत,
आणि हलक्या बाजूला चिंधीत बांधलेला खडा अडकवायचा.
'पासंग,' म्हणायचा. 'काल बरोबर होता
म्हणून आज बरोबर असंल असं नसतंय, येशुदास.
लोखंड बी रातीतून बदलतंय.'

तेव्हा मला वाटायचं, हा तराजूबद्दल बोलतोय.

रविवारी पाळकसाहेब म्हणतात, पश्चात्ताप करा,
आणि आम्ही सगळे माना खाली घालतो.
मोठा शब्द. एखाद्या खुन्याच्या अंगाला बसेल असा.
माझ्याकडं त्या मापाचं पाप नाही.
माझ्याकडं आहे ते सगळं सुटं.
सुवार्ता विचारते, कालवण जमलंय का,
मी फोनमध्ये बघत 'हं' म्हणतो.
धाकट्याला कायमची नोकरी लागली,
'देवाची स्तुती असो' म्हणालो मोठ्यानं,
आणि रात्री दीडपर्यंत कूस बदलत राहिलो.
काल, बुधवारी, भिकन हमालाच्या पाठीवर पोतं फुटलं.
अडत्या त्याला नको नको ते बोलला.
पोतं माझ्या आकड्यानं फाटलं होतं.
मी पावतीवर आकडे लिहीत राहिलो.

एकदाच काय ते अर्धा किलो.
बदनापूरकडची गयाबाई, एकच कट्टा तूर.
काटा हलत होता,
थांबायच्या आत मी वजन पुकारलं.
अडत्यानं माझ्याकडं न बघता मान हलवली.
तिनं नुसते पदराला हात पुसले.

अकरा दिवस मी प्रार्थनेत अख्ख्या जगासाठी मागितलं,
तिचं नाव सोडून.
बाराव्या दिवशी एस.टी.नं गेलो.
पिशवीत अर्धा किलो तूर, दोनदा तोललेली.
तिला काही आठवेना. 'कोणतं माप? कधी?'
मग हसली. 'येवढ्यासाठी तिकीट काढलं व्हय?'
बिनदुधाचा चहा दिला,
आणि ती तूर माझ्यादेखत
नातवाच्या प्लास्टिकच्या ट्रकमध्ये ओतली.
तो घुर्र करत अंगणभर फिरला, सांडत.

परतताना हलकं वाटलं.
दुधनेच्या पुलापर्यंत.
पुलावर वाटलं, आजकाल कोण जातं असं अर्ध्या किलोसाठी?
आणि तिथंच, खिडकीशी बसल्या बसल्या,
चाळीस ग्रॅम.

बापाला जाऊन नऊ वर्षं झाली.
त्याचा खडा घरी आहे, चिंधीसकट.
उन्हाळ्यात सुवार्ता पापडांवरच्या फडक्याला
उडू नये म्हणून ठेवते.
मी पहाटे उठतो, दिवा न लावता
पलंगाच्या कडेला बसतो
आणि कालचा दिवस रिकामाच उचलून धरतो.
हात थरथरतात.
काय बोलायचं ते रोज नव्यानं सुचत नाही.
झाड, म्हणतो. प्रभू, झाड एकदा.
कधी तेवढंही न म्हणता झोप लागते पुन्हा,
तेही मग उद्याच्या मापात.

आज गुरुवार.
पत्रा झाडून झालाय, काटा शून्यावर आहे.
भिकन गेटापाशी तंबाखू मळत उभा,
खांद्याला कालचं हळदीचं पोतेरं.
लिलावाला सात मिनिटं आहेत.
आकडा खुंटीला अडकवून
मी त्याच्याकडं चाललोय.
काय म्हणायचं, अजून ठरलं नाही.